पैवस्ती, पेठ आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ : न पोहोचलेल्या संदेशांचा इतिहास

१/
बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात उंद्री नावाचे गाव आहे. पुण्याच्या हवेली तालुक्यातही एक उंद्री आहे. योगायोग इथेच थांबत नाही. त्याच हवेली तालुक्यात, पिंपरी-चिंचवडच्या बाजूला, एक चिखलीही आहे. आता पाकिटावर नुसते ‘उंद्री, चिखली’ असे लिहिले तर ते पाकीट विदर्भात जावे की पुण्यास?

२/
संदेश पाठवण्याचा इतिहास आपण अनेकदा वाचतो: जासूद, टपाल, तारायंत्र, मोबाइल. हा धागा त्याच इतिहासाच्या दुसऱ्या बाजूविषयी आहे. संदेश पोहोचला नाही, तेव्हा माणसांनी काय केले? आजचा प्रोग्रामर ज्याला ‘एपीआय एरर हाताळणे’ म्हणतो, त्या कामाची मुळे आपल्या दप्तरखान्यांत आणि सावकारी पेढ्यांत सापडतात.

३/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. एपीआय म्हणजे एका संगणकीय सेवेने दुसऱ्या प्रोग्रामसाठी उघडलेली खिडकी. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. क्लायंट लायब्ररी म्हणजे त्या खिडकीवर आपल्या वतीने उभा राहणारा कारकून. अर्ज मंजूर झाला तर त्याचे काम सोपे असते. त्याचे कसब दिसते ते अर्ज परत आल्यावर.

४/
उदाहरण टेलिग्रामचे घेऊ. जून २०१५ मध्ये टेलिग्रामने बॉट लिहिणाऱ्यांसाठी आपला एपीआय खुला केला. पायथन भाषेतील त्याची एक प्रसिद्ध लायब्ररी चुकांना वेगवेगळी नावे देते: विनंतीच चुकीची, प्रवेशास मनाई, गट नव्या पत्त्यावर गेला, थोडे थांबून या, आणि ‘वेळ संपली’. एकाच अपयशाला इतकी नावे कशासाठी? कारण प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. आणि यांतील जवळजवळ प्रत्येक चूक संगणकाहून कितीतरी जुनी आहे.

५/
पहिली चूक: पत्ताच सापडत नाही.
ब्रिटिश टपाल खात्याने यासाठी स्वतंत्र कचेरीच उभारली होती, तिचे नाव ‘डेड लेटर ऑफिस’. पुढे तिला ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ असे सौम्य नाव मिळाले. घेणारा सापडत नाही, अशी पत्रे इथे येत. पाकीट उघडून पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा शोधण्याचा अधिकार याच कचेरीला असे. हेतू एकच होता: पत्र पोहोचले नाही, हे निदान पाठवणाऱ्याला तरी कळावे.

६/
एकाच नावाच्या अनेक गावांवर तोडगा काढला एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे विद्वान आणि कवी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी असताना त्यांनी सहा अंकी पिनकोडची रचना सिद्ध केली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशभर लागू झाली. पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालय.

७/
बुलढाण्याच्या चिखलीचा पिन ४४३ ने सुरू होतो, पुणे शहराचा ४११ ने. गावाचे नाव तेच राहिले तरी पाकिटाची वाट वेगळी झाली. शिवाय लिहिणाऱ्याची भाषा, लिपी, शुद्धलेखन कसेही असो, अंक सर्वांना वाचता येतात. संगणकात प्रत्येक संभाषणाला नावाऐवजी क्रमांक का देतात, याचे उत्तर वेलणकरांच्या या रचनेत आहे.

८/
पत्ता चुकला असेल तर तेच पत्र पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो. दहा वेळा पाठवा, दहा वेळा परत येईल. मात्र घेणारा दुसरीकडे राहायला गेला असेल, तर जाणता पोस्टमन जुना पत्ता खोडून नवा लिहीत असे आणि पत्र पुढे रवाना होत असे. टेलिग्रामचा साधा गट मोठ्या गटात रूपांतरित झाला की एपीआय हेच करतो: चूक कळवतो आणि सोबत गटाचा नवा क्रमांक देतो. नव्या पत्त्याची नोंद करून संदेश तिकडे पाठवणे हे कारकुनाचे काम.

९/
दुसरी चूक: पत्र पोहोचले, पण मजकूर बिघडला.
शिवकालीन राजपत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा उमटवलेली दिसते. हे मोर्तब. पत्राची मर्यादा इथे संपते, असा तिचा अर्थ. त्यापुढे एखादी ओळ कोणी वाढवली तर ती बनावट हे उघड होई. मजकूर वाटेत बदलला नाही याची खात्री देणारी खूण म्हणजे काय, हे समजायला याहून सुबक उदाहरण शोधावे लागणार नाही.

१०/
तारायंत्र आले आणि बिघाडाचे रूप पालटले. १८६५ साली इराणच्या आखातातून टाकलेल्या तारेने हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला. वाटेत तुर्की मुलखातील कचेऱ्यांतून संदेश हातोहात पुढे जात. तेथील कारकुनांना इंग्रजी येत नसे. तार कित्येक दिवसांनी यायची आणि आली तरी वाचता येईलच असे नाही. व्यापाऱ्यांची ओरड एवढी वाढली की १८६६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने पूर्वेकडील दळणवळणाची चौकशी केली.

११/
१८७० हे वर्ष वऱ्हाडच्या दृष्टीने लक्षात ठेवावे. त्या वर्षी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. त्याच वर्षी समुद्राखालची तार सुएझ-एडनमार्गे मुंबईस येऊन पोहोचली. आज उंद्री ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील खामगाव ही तेव्हा कापसाची नामांकित बाजारपेठ होती. वऱ्हाडचा कापूस आणि लिव्हरपूलचा भाव यांच्यातील अंतर तासांवर आले. आणि भाव जेव्हा तारेने ठरतो, तेव्हा तारेतील एका अक्षराची किंमतही बाजारभावानेच ठरते.

१२/
ती किंमत किती असू शकते, हे अमेरिकेतील एका खटल्याने दाखवले. जून १८८७. फिलाडेल्फियाचे लोकरीचे व्यापारी प्रिमरोज यांनी कॅन्सस राज्यातील आपल्या आडत्याला सांकेतिक भाषेत तार केली. तीत ‘बे’ हा शब्द होता. संकेतकोशात त्याचा अर्थ ‘मी खरेदी केली आहे’ असा. वाटेत त्याचे ‘बाय’ झाले, म्हणजे ‘खरेदी कर’. मोर्स लिपीत इंग्रजी ‘ए’ म्हणजे एक टिंब, एक रेघ. ‘यू’ म्हणजे दोन टिंबे, एक रेघ. एक टिंब जास्त पडले.

१३/
आडत्याने इमानेइतबारे सुमारे ३ लाख पौंड लोकर विकत घेतली. नुकसान २०,००० डॉलरच्या वर गेले. प्रिमरोज यांनी वेस्टर्न युनियन कंपनीवर दावा लावला. १८९४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: तारेच्या अर्जामागे अट छापली होती की मजकूर पडताळून हवा असेल तर निम्मे शुल्क अधिक भरा. ते भरले नव्हते, म्हणून फक्त तारेचे पैसे परत मिळतील. रक्कम होती १ डॉलर १५ सेंट.

१४/
तारेचा मजकूर उलट पाठवून ताडून पाहण्याची ही सोय आंतरराष्ट्रीय तारव्यवहारातही होती. पोच हवी असल्यास तिचे शुल्क वेगळे, उत्तराचे पैसे आगाऊ भरायचे असल्यास त्याची खूण वेगळी. खात्री फुकट मिळत नसे. ती विकत घ्यावी लागे. आजच्या संगणकजाळ्यात प्रत्येक पाकिटासोबत पडताळणीचा अंक आपोआप जातो. प्रिमरोज यांनी वाचवलेले निम्मे शुल्क आज यंत्र आपल्या वतीने दर क्षणी भरत असते.

१५/
तिसरी चूक: पत्ता बरोबर, मजकूर बरोबर, पण खिडकीवर गर्दी.
१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी ‘अलोहानेट’ सुरू केले. अनेक बेटे, पण रेडिओची वाट एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द वाया. त्यावरचा नियम साधा होता: प्रत्येकाने मनमानी काळ थांबावे आणि मग पुन्हा बोलावे. दोघांचे थांबणे सारखे नसल्याने पुढच्या खेपेस टक्कर टळण्याची शक्यता असे. १९७३ पासून आकाराला आलेल्या इथरनेटने त्यात भर घातली: प्रत्येक टक्करीनंतर थांबण्याची कमाल मुदत दुप्पट करायची.

१६/
थांबण्याचा हा विवेक सुटला की काय होते? ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अवघे ४०० यार्ड अंतर. त्यांच्यातील माहितीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. उत्तर उशिरा येते म्हणून प्रत्येक यंत्र तेच पाकीट पुन्हा पाठवत होते, आणि त्या पुनरावृत्तीनेच वाट अधिक तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात या आजाराचे निदान आणि उपचार मांडले.

१७/
आज खिडकीच सांगते: गर्दी आहे, इतक्या सेकंदांनी या. वेबच्या भाषेत ही खूण म्हणजे ४२९, तिची अधिकृत नोंद एप्रिल २०१२ मधील. टेलिग्रामचा एपीआय तर किती सेकंद थांबायचे तो आकडाही देतो. जी लायब्ररी हा आकडा वाचते आणि निमूट थांबते, ती शहाणी. जी दर क्षणाला दार ठोठावते, ती स्वतःबरोबर मागच्या सर्वांचीही वाट अडवते.

१८/
जाता जाता एक सूक्ष्म गोष्ट. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेलच्या देवाणघेवाणीचे नियम लिहिले. त्यात ४ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘तात्पुरती अडचण, नंतर या’ आणि ५ ने सुरू होणारे म्हणजे ‘कायमचा नकार’. वेबच्या नियमांत मात्र ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक आणि ५ म्हणजे देणाऱ्याची. आकडे तेच, अर्थ निराळे. एकाने विचारले, ‘पुन्हा येऊ का?’ दुसऱ्याने विचारले, ‘दोष कोणाचा?’ कारकुनाच्या दृष्टीने पहिला प्रश्न अधिक मोलाचा.

१९/
चौथी चूक सर्वांत अवघड: मौन.
ना होकार, ना नकार. आपल्या इतिहासात या मौनाची सर्वांत जड किंमत पानिपताशी जोडलेली आहे. २५ ऑक्टोबर १७६० रोजी अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि भाऊसाहेबांच्या सैन्याचा दिल्लीशी व दक्षिणेशी असलेला रस्ता कापला गेला. दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर बसल्या. छावणीतून दक्षिणेकडे नियमित खबर जाणे बंद पडत गेले.

२०/
१४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. १८ जानेवारीच्या सुमारास ते नर्मदा उतरले. म्हणजे जी फौज उरलीच नव्हती, तिच्या मदतीस ते चालले होते. भेलसा येथे, लढाईनंतर दहाएक दिवसांनी, सावकारी पत्रातून बातमी हाती पडली: मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशोबाच्या आडून सांगितलेली. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यास पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

२१/
त्या दिवसांतील पेशव्यांचा प्रश्न नीट मांडून पाहा. पत्र येत नाही, याचा अर्थ काय? लिहिले पण वाटेत गेले? लिहिले पण विलंब झाला? की लिहिणाराच उरला नाही? बाहेरून तिन्ही स्थिती अगदी सारख्या दिसतात. संगणक ज्याला ‘टाइमआउट’ म्हणतो, तो हाच अनुभव. ‘वेळ संपली’ याचा अर्थ ‘काम झाले नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की काम झाले की नाही हे आपल्याला ठाऊक नाही.

२२/
हे मौन पूर्णपणे जिंकता येत नाही, हे १९७५ साली संगणकशास्त्रज्ञांनी एका निबंधात मांडले. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी या प्रश्नाला ‘दोन सेनापतींची समस्या’ असे नाव रूढ केले. शत्रूच्या दोन बाजूंस दोन सेनापती. एकाच वेळी हल्ला केला तरच जय. निरोप शत्रूच्या मुलखातून जाणार. पहिल्याने निरोप धाडला, दुसऱ्याने पोच दिली; पण पोच पोहोचली का? मग पोचेची पोच, तिचीही पोच. शेवटचा निरोप पोहोचला याची खात्री कोणालाच होत नाही.

२३/
मराठी दप्तराने या मर्यादेत राहून काय केले, ते पाहण्यासारखे आहे. पत्रे अनेकदा एका माणसाकडे न देता ‘जासूदजोडी’कडे देत, म्हणजे वाटेत एकावर प्रसंग आला तरी दुसरा उरावा. पत्रावर रवाना झाल्याची तारीख येई. आणि पत्र हाती पडताच घेणारा कारकून त्यावर ‘पैवस्ती’ लिही: अमुक तारखेस पावले. सुटल्याचा क्षण आणि पोहोचल्याचा क्षण एकाच कागदावर.

२४/
पैवस्तीची ही छोटीशी नोंद इतिहाससंशोधकांस वरदान ठरली. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये पहिला साधनखंड छापला तो पानिपतपूर्व दशकातील पत्रांचाच. अशा पत्रांवरून कोणती बातमी कोणास केव्हा कळली, हे ठरवता येते. आणि ते ठरल्याशिवाय कोणाचा निर्णय शहाणपणाचा होता, हेही ठरत नाही. आजच्या भाषेत पैवस्ती म्हणजे व्हॉट्सअॅपची दुसरी टिक. पहिली टिक सांगते संदेश निघाला, दुसरी सांगते समोरच्या फोनवर पडला.

२५/
पण पोच आलीच नाही तर? पुन्हा पाठवावे का? साध्या निरोपाचे दोनदा जाणे चालून जाते. पैशांचे तसे नाही. समजा, उंद्रीतील एखाद्या बापाने पुण्यात शिकणाऱ्या मुलीला मोबाइलवरून शुल्काचे पैसे पाठवले आणि पडद्यावर चक्र फिरतच राहिले. पुन्हा पाठवले तर रक्कम दोनदा जाण्याची भीती, न पाठवावे तर शुल्काची मुदत टळण्याची. या पेचाचे सर्वांत सुंदर उत्तर आपल्याकडच्या सावकारांनी देऊन ठेवले आहे.

२६/
ते उत्तर हुंडीत आहे. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत काढीत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गहाळ झाली तर तिसरी, ‘परपेठ’. या प्रती मूळ हुंडीचा हवाला देत. मर्म असे: पेठ ही नवी हुंडी नव्हे, जुन्याच देण्याची आठवण आहे. मूळ हुंडी आधीच वटली असेल तर पेठेवर पैसे द्यायचे नाहीत. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत. तो पेढीवर पुरावा म्हणून राही.

२७/
अर्थात, सावकाराने टपालाला अचूक बनवण्याचा हट्ट धरला नाही. पत्र हरवणारच, हे त्याने गृहीत धरले आणि पुन्हा पाठवणे निर्धोक केले. टेलिग्रामच्या मूळ संदेशप्रणालीत प्रत्येक संदेशासोबत पाठवणारा स्वतः तयार केलेला एक क्रमांक जोडतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर ओळखतो की ही पेठ आहे, मूळ हुंडी आधीच पावली आहे. दोन शतकांपूर्वीच्या पेढीवरील मुनिमाला हे एका वाक्यात समजले असते.

२८/
आता चांगल्या लायब्ररीचे, म्हणजे चांगल्या कारकुनाचे, वर्तन स्पष्ट होते. पत्ता चुकला तर थांबावे आणि पाठवणाऱ्यास तसे कळवावे. पत्ता बदलला तर नवा नोंदवून पुढे जावे. गर्दी असेल तर सांगितले तेवढे थांबावे. उत्तरच आले नाही तर पेठ काढावी, नवी हुंडी नाही. आणि या चारही प्रसंगांना ‘काहीतरी चूक झाली’ असे एकच नाव कधीही देऊ नये. ते वाक्य म्हणजे पैवस्तीची जागा कोरी ठेवणे होय.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक दृष्टी मिळते. कोणत्याही जुन्या निर्णयाचा न्याय करताना ‘तेव्हा काय घडले होते’ एवढे पुरत नाही. ‘त्याच्यापर्यंत काय पोहोचले होते’ हेही विचारावे लागते. भेलशाच्या वाटेवरील पेशव्यांकडे आपण १४ जानेवारी ठाऊक असलेल्या डोळ्यांनी पाहतो. त्यांच्यापाशी तो दिवस अजून पोहोचलेला नव्हता.

३०/
शेवटी एक काम. घरी आजोबा-आजींच्या पेटीत जुनी कार्डे, पाकिटे असतील तर काढून पाहा. पुष्कळांवर टपालाचे दोन शिक्के सापडतील: एक निघालेल्या गावचा, एक पोहोचलेल्या गावचा. दोन्ही तारखांमधले दिवस मोजा. तेवढे दिवस कोणीतरी काही न कळता वाट पाहिली होती. शिक्के वाचता आले तर गावांची नावे आणि मधले दिवस खाली लिहा. १९७२ पूर्वीचे, पिनकोड नसलेले पत्र उंद्रीचे निघाले तर ते कोणत्या उंद्रीचे, हेही शोधून पाहू.